कसा गेला माझा पेपर?

प्रिय रेहाना,

“मी सांगीन तेवढंच लिव्ह. एक शब्द कमी न्हाय, एक शब्द जास्त न्हाय.”

इंदापूरच्या परीक्षा केंद्रात, मोठ्या हॉलपासून लांब, मोडकी बाकं टाकलेल्या त्या खोलीत तू मला हे म्हणाली होतीस. तू बारावीला होतीस, मी अकरावीला. तुझ्या डोळ्यांत तेव्हा उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला होता, म्हणून बोर्डानं तुला लेखनिक घेऊ दिला होता. ती लेखनिक मी. आपल्या पळसदेवात सगळे ‘रायटर’च म्हणायचे. “आमची वैशी रेहानाची रायटर झालीय,” असं माझी आई आळीभर सांगत फिरली होती, जणू मला नोकरीच लागली!

ते वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही.

काल तुझ्या सनाचा बारावीचा इंग्रजीचा पेपर झाला. उद्या मराठीचा आहे. सनाची रायटर माझी अकरावीतली मुक्ता, हे तूच ठरवून गेलीस. आणि कालच्या पेपरात जे झालं, ते तुला सांगायला मला दुसरी जागा नाही. कबरस्तानात यावं, तर तुमच्यात बायकांनी तिथं जायची रीत नाही. दिवाळीच्या आधी तुला नेलं, तेव्हाही मी कोपऱ्यावरच्या गॅरेजपाशीच थांबले होते. म्हणून हे पत्र. आज शाळेतून रजा घेतली आहे. ओट्यावर कोबी अर्धा चिरलेला पडलाय, तो तसाच आहे.

तुला वाचता येणार नाही, हे काय आजचं आहे? तुला मी वाचूनच दाखवत आले. समज, हेही वाचून दाखवतेय.

ते वर्ष आठवतं? उजनीचं पाणी मागं हटलं की गाळाच्या कडेला होड्या लागायच्या आणि तुझे अब्बा मासळी घ्यायला तिथं उभे असायचे. आपण दोघी त्यांच्या टेम्पोच्या सावलीत. मी मोठ्यानं वाचायची, तू ऐकायचीस. तुला एकदा ऐकलं की पुरायचं. मी मात्र वाचून वाचून तुझ्या बारावीचा निम्मा अभ्यास अकरावीतच करून बसले. तुझे अब्बा म्हणजे माझे चाचा. ते मधेच ओरडायचे, “पोरींनो, त्या राज्यशास्त्रात कटल्याला किती भाव धरलाय बघा गं जरा!”

लिहायचा सरावही तिथंच केला. तू सांगायचीस, मी लिहायची, आणि तुझी दोन बोटं माझ्या मनगटावर असायची. मला आधी वाटलं, आधाराला ठेवली असतील. मग एके दिवशी तू सांगितलेल्या वाक्यात मी आपलं एक विशेषण घातलं, बरं वाचतं म्हणून. तू लगेच हात दाबलास. “मी एवढं लांब बोलले न्हाय. काय कोंबलंस त्यात?”

मनगट किती सरकलं यावरून तुला ओळीची लांबी कळत होती, रेहाना! त्यानंतर माझी काय टाप होती!

अर्थशास्त्राच्या पेपराला तू चुकलीस. किंमत वाढली की मागणी वाढते, असं खुशाल सांगितलंस. वर कारणही दिलंस, की महाग मासा म्हणजे ताजा मासा असं गिऱ्हाइकाला वाटतं. माझं पेन थांबलं. तुझी बोटं लगेच जड झाली.

“का थांबलीस?”

“काही नाही.”

“चुकलं व्हय माझं?” आणि मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, “सांगू नगंस! लिव्ह.”

खोलीवर जे सर होते ते भले गृहस्थ. त्यांना आपली कीव आली. “अगं, तिला येतंय तर तिला लिहू दे की. इथं कोण बघतंय?” तू त्यांच्या आवाजाकडं मान वळवलीस. “सर, आमचा पेपर चाललाय. तुमी जरा भाईर थांबता का?”

आणि ते खरंच बाहेर जाऊन थांबले! मला हसू आवरेना. तू मात्र पुढचं वाक्य सांगायला लागली होतीस.

इतिहासाच्या पेपराला तर कहर झाला. जत्रेला येत नाहीत एवढी माणसं त्या काळी बारावीच्या परीक्षेला यायची. कुणाचा मामा, कुणाचा चुलता, सगळे कंपाउंडच्या भिंतीवर. त्या दिवशी पोलिसांनी खिडक्यांपाशी जाऊ दिलं नाही, तेव्हा कुणीतरी भिंतीवरूनच उत्तरं ओरडायला सुरुवात केली. गाळलेल्या जागा, सालं, तह, सगळं. हॉलमधल्या गोंगाटात ते किती पोचलं कोण जाणे, आपल्या शांत खोलीत मात्र स्पष्ट ऐकू आलं. नेमकी तू तेव्हा एका प्रश्नावर अडून बसली होतीस.

तू म्हणालीस, “ह्ये मला येत नव्हतं. आता ऐकू आलं. सोड ते, रिकामं ठेव.”

“अगं, पण आता येतंय ना!”

“ते माझं न्हाय.”

असं आणखी एक-दोन जागी झालं. डोळस पोरांना निदान चिठ्ठीकडं न बघण्याची सोय होती. तुला तीही नव्हती. कान बंद करून पेपर कसा सांगायचा? तरी जे फुकट कानावर आलं ते तू परत केलंस, आणि कुणाला दिसलंसुद्धा नाही. माझ्याशिवाय कुणालाच नाही.

डी.एड.चा प्रवेश तुझा थोडक्यात हुकला. निकाल बघून आल्यावर चाचा टेम्पोच्या फळीवर बसून राहिले होते. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्या रिकाम्या जागा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. नुसतं ‘लिव्ह’ म्हणाली असतीस, तर लिहिलं असतं.

त्या हॉलमधल्या किती जणी आज शिक्षिका आहेत, तुला माहीत होतं. त्यातल्या काही जणी फार चांगल्या शिक्षिका आहेत. हे मला आणखी छळतं. भिंतीवरून ओरडलेलं लिहून एखादी पास झाली आणि पुढं तिनं चांगलं शिकवलं, तर मग तुझं काय? तू का राहिलीस?

तुझ्या वाट्याला बारामतीच्या एसटी स्टँडजवळचा टेलिफोन बूथ आला. अपंगांच्या कोट्यातला. नंबर बोटांना पाठ, मिनिटं डोक्यात. मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि बूथमध्ये नुसती तू उरलीस. सलीमभाईंशी लग्न झालं, सना झाली. सना रात्रीची भिंतींना धडकायला लागली, तेव्हा तू डॉक्टरांच्या आधीच ओळखलंस की तुझंच दुखणं तिच्यात उतरलंय. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं. आता तिला नळीतून पाहावं तेवढंच दिसतं, आणि नळी दरवर्षी बारीक होतेय.

शेवटी तुझी मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी शाळा सुटली की तुझ्या खाटेशी येऊन बसायची. सना मोबाइलवर धडे लावून द्यायची आणि तू त्या यंत्राच्या मराठीला नावं ठेवायचीस. “ह्या बाबाच्या तोंडात गरम बटाटा हाय का गं?” नर्स हसायच्या. मग मीच सनाचे मराठीचे धडे माझ्या आवाजात रेकॉर्ड करून दिले. ते तू सनापेक्षा जास्त ऐकलेस.

अशाच एका दिवशी मी विचारलं होतं, “रेहाना, पस्तावा नाही होत? त्या रिकाम्या जागांचा?”

मला वाटलं होतं, तू काहीतरी मोठं बोलशील. तू म्हणालीस, “रोज होतो की! बूथवर माश्या मारत बसायची तवा तर लई व्हायचा. तुला काय वाटलं, मी पीर हाय?” यंत्र फिरत होतं. मग म्हणालीस, “पर वैशे, मला काय येतं आन काय येत न्हाय, ह्ये मला पक्कं ठाव हाय. बाकी जगातलं मला काय पक्कं ठाव हाय सांग? रस्ता म्हणशील तर दुसऱ्याच्या हातानं. साडीचा रंग दुसऱ्याच्या तोंडानं. एवढी एक गोष्ट माझी मला ठाव हाय. ती बी दिऊन टाकू?”

आणि लगेच, “सनाचा पेपर मुक्ताच लिवंल. तुझी हाय ती.”

तुझी हाय ती! किती खात्रीनं म्हणालीस, गं.

आता कालचं ऐक.

मुक्ता दुपारी घरी आली. पायातली चप्पल न काढता सोफ्यावर बसली. मी विचारलं, “झाला का नीट?” तर म्हणाली, “आई, मी लिहिला. म्हणजे, मीच लिहिला.”

खोलीवर एक बाई होत्या. सनाची आई नुकतीच गेली, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. नंतर कळलं, सलीमभाईंनीच आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन हात जोडले होते, जरा सांभाळून घ्या म्हणून. बाई मायाळू. मुक्ताला म्हणाल्या, “तुला येतंय ना? मग लिही की भराभरा. तिला कशाला ताप? पुण्याचं काम आहे बाळा.” आणि मुक्तानं लिहिलं. निबंध, पत्र, उताऱ्याची उत्तरं, सगळं.

“छान गेला, आई,” ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “रिक्षात सनानं मला विचारलं, कसा गेला माझा पेपर?”

रेहाना, मी हातातली पळी खाली ठेवली.

मोठ्या हॉलमध्ये आता कॅमेरे आहेत. भरारी पथकं येतात, मोजे काढून बघतात. ते असू दे, चांगलंच आहे. पण सनाच्या खोलीत कुणी आलं नाही. आलं असतं तरी ‘बिचारी’ म्हणून पाठीवर हात ठेवून गेलं असतं. डोळस मुलानं दुसऱ्याचं लिहिलं तर ती चोरी. आंधळ्या मुलीचं दुसरीनं लिहिलं तर ते पुण्य! असं का, गं? हिला तसंही काही येत नसणार, असं आपण सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं, म्हणूनच ना?

आज सकाळी मी सनाकडं गेले. काटेवाडीच्या रस्त्याला सलीमभाईंचं टायरचं दुकान, मागं घर. सना दारात उन्हाला बसली होती. माझी स्कूटी ओळखून म्हणाली, “मावशी, ब्रेक लागत नाही तुझा. अब्बूला दाखव.”

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. विचारलं, “काल काय झालं?”

“मुक्तानं सांगितलं असेल की.”

“तू सांग.”

ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “पहिल्या प्रश्नाला मी सांगत होते. बाईंनी काही म्हणायच्या आधीची गोष्ट आहे ही. माझं वाक्य अर्ध्यावर होतं आणि मला मुक्ताचं पेन ऐकू आलं. पुढं गेलेलं. मी थांबले मावशी, पण पेन थांबलं नाही.”

मुक्तानं मला हे सांगितलंच नव्हतं.

“मग?”

“मग म्हटलं, चालू दे. बाई बोलल्या त्या नंतर, माझं ‘चालू दे’ आधीच झालं होतं. बाई वाईट नाहीत. मला पाणी हवं का, पंखा लावू का, दहा वेळा विचारलं. पण उत्तर काय लिहायचंय, ते एकदाही नाही.”

“तुला येत नव्हतं?”

“येत होतं!” ती इतक्या जोरात म्हणाली की दुकानातला हातोड्याचा आवाज थांबला. “सगळं नाही. पण येत होतं. पास होण्याच्या वर येत होतं. आता किती येत होतं, ते मला कधीच कळणार नाही.”

रेहाना, तुझी पोर आहे ती! तू नसलीस तरी तुझंच बोलतेय, आणि तिला ते ठाऊकही नाही.

पण ऐक, पुढं ती काय म्हणाली. म्हणाली, “आता उद्यापण तिलाच लिहू दे. एकदा झालंच आहे ना? अम्मीनं खरं खरं सांगितलं, तिला काय मिळालं? बूथ. तोही बंद पडला.”

काय सांगायचं होतं? चांगुलपणाचं फळ मिळतं? तिनं तुझी शेवटची वर्षं हात धरून पाहिली आहेत. तिला कुणी फळबिळ सांगू नये.

तेवढ्यात हात पुसत सलीमभाई आले. मला बसायला खुर्ची आणली, चहा सांगितला, आणि मग जे साचलं होतं ते काढलं.

“वैशालीताई, तुमी मास्तरीण. तुमाला पगार हाय. तुमची पोरगी डोळस. तुमाला इमानदारी परवडती. आमाला न्हाय परवडत. मीच गेलतो हात जोडायला, लपवत न्हाय. भिगवणचं स्थळ आलंय हिला. माणूस बरा हाय, पर हिच्या दुप्पट वयाचा. मी सांगितलंय, बारावीला चांगलं मार्क आलं आन पुण्याच्या कॉलेजात हॉस्टेल मिळालं, तर शिकवीन. न्हाय तर मी किती दिस पुरनार हिला? आता सांगा, मार्क जास्ती झालं तर कुनाचं काय जातंय?”

“सनाचं जातंय, भाई,” मी म्हणाले. फार हळू म्हणाले. मलाच ते खोटं वाटत होतं की काय!

ते हसले, कडूच हसले. “रेहाना बी असंच बोलायची. पंक्चर एक आन सांगितली दोन, तर संध्याकाळी माझ्या आवाजावरनं तिला कळायचं. गिऱ्हाइकाचा पत्ता नसायचा आन ही मला पैसं परत दिऊन ये म्हनायची! ताई, तिच्यासारखी बाई मला पुन्हा दिसनार न्हाय. पर माझ्या लेकीनं तसं होऊ नये.”

ते आत गेले. मला त्यांचा राग आला नाही. आला असता तर किती सोपं झालं असतं!

निघताना सना मला फाटकापर्यंत सोडायला आली, भिंतीला हात लावत. म्हणाली, “मावशी, मुक्ताला ओरडू नकोस हं. ती मला आवडते.” आणि मी स्कूटी चालू करत होते तेव्हा मागून म्हणाली, “फक्त तिचं पेन लई घाईचं आहे.”

एवढंच. पण त्यावरून मला कळलं, तिला काय हवंय. तोंडानं ती ‘लिहू दे’ म्हणतेय. ज्या मुलीला खरंच लिहून हवं असतं, ती पेनाच्या घाईची तक्रार करत नाही.

तू मला मनगटावर बोटं ठेवून शिकवलंस. हे सनाला का नाही शिकवलंस, रेहाना? की शिकवलं होतंस, आणि मुक्ताच्या हातावर बोटं ठेवायला तिला संकोच वाटला? मी तरी मुक्ताला का नाही सांगितलं? वेळेवर पोच, पेनं जास्त घे, डबा घे, हे सगळं सांगितलं. रायटरनं थांबायचं कसं असतं, तेवढं सांगायचं राहिलं. मला वाटलं, ती माझी आहे म्हणजे तिला येतच असेल. तुलाही तसंच वाटलं होतं ना?

घरी आल्यावर मुक्ताला समोर बसवलं. “तू काल मला अर्धंच सांगितलंस.”

तिचे डोळे भरले. “मी मदतच करत होते, आई. ती किती हळू सांगते! मला पुढचं येत होतं.”

“तिलाही येत होतं.”

“मग ती बोलली का नाही?”

“तू जागा ठेवलीस का बोलायला?”

मग ती रडली. खूप रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि विचारलं, “मग मी केंद्रावर जाऊन सांगू? की पेपर मीच लिहिलाय म्हणून?”

बघ, विचारलं तिनं! तुझ्या माझ्या काळातलं काहीतरी कुठूनतरी उतरलंच म्हणायचं तिच्यात.

आणि वीस वर्षं मुलांना ‘स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहा’ असं शिकवणारी मी, तिची आई, काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, “गप्प बस. कुणाजवळ बोलायचं नाही.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. तसं तिनं माझ्याकडं याआधी कधी पाहिलं नव्हतं. आता ती तिच्या खोलीत आहे, दार लावून. आणि मी इथं तुला लिहितेय.

तुला वचन देते, ऐक. उद्या मराठीच्या पेपराला मुक्ताचं पेन सनाच्या आवाजाच्या मागूनच चालेल. सना अडली तर पेन अडेल. सना चुकली तर चूकच लिहिली जाईल. ती हट्टानं गप्पच बसली, तर कोरा कागद जाईल, पण मुक्ताचा शब्द जाणार नाही. आज संध्याकाळी दोघींना समोरासमोर बसवून सराव घेणार आहे. खोलीवरच्या बाईंनाही मी आधी भेटणार आहे आणि सांगणार आहे की हिची कीव करू नका, हिचं ऐका. पुढचे सगळे पेपर असेच होतील.

आणि मार्क येतील ते येवोत, पुण्याच्या कॉलेजच्या दारात सनाला घेऊन मी जाईन. एकानं नाही म्हटलं तर दुसऱ्याच्या. भिगवणच्या स्थळाचं सलीमभाईंशी भांडायचं तेही मीच भांडेन. तुझ्या वेळी मी उशीत तोंड खुपसून रडत बसले होते. या वेळी तसं होणार नाही.

एवढं माझ्या हातात आहे. पण इंग्रजीचा पेपर नाही. तो गठ्ठ्यात बांधून, सील होऊन, कुठल्या तरी तपासणाऱ्याच्या घरी निघाला असेल. वर सनाचा नंबर, आत माझ्या मुलीचं इंग्रजी. सांगितलं तर दोघींवर कारवाई होईल. मुक्ताचं वर्ष जाईल, ते मी सोसेन. पण सनाचं गेलं तर तिला दुसरं वर्ष मिळणार नाही, भिगवण मिळेल. तिचं एकही पुरं वाक्य नसलेल्या पेपरासाठी! नाही सांगितलं, तर ते मार्क जन्मभर तिच्या गुणपत्रिकेवर राहतील आणि त्यातला एकही तिचा नसेल. मुक्ता सांगायला तयार आहे. सना काही म्हणत नाही. मागं खेचतेय ती मी.

तू असतीस, तर एव्हाना सनाचा हात धरून केंद्रावर जाऊन सांगून आली असतीस. मला हे पक्कं माहीत आहे. म्हणून तर भीत भीत विचारतेय. तू काय म्हणशील तेही माहीत आहे, तरी विचारतेय.

त्या एका पेपराबद्दल मला गप्प राहू दे, रेहाना. बाकीचे सगळे तुझ्या मनासारखे होतील. तेवढा एकच सोड ना.

तुझी,
वैशाली